विदाऊट सर

उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पात कुणालाही पत्ता विचारा, उत्तरात रस्त्याचं नाव येणार नाही. 'लालचक्कीच्या पुढे, मराठा सेक्शनच्या अलीकडे, बॅरेकच्या मागे, दवाखान्याला लागून.' लढाईच्या काळात इथे लष्कराची छावणी होती, फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधी निर्वासित आले आणि 8 ऑगस्ट 1949 रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते उल्हासनगरची कोनशिला बसली. गावाला नाव मिळालं, रस्त्यांचं राहून गेलं. तेव्हापासून अख्खं गाव पुढे, मागे, समोर, शेजारी या शब्दांवर उभं आहे. अशा गावात आपला जन्म व्हावा हा निव्वळ योगायोग नाही, असं विदाऊट सरांचं स्वतःबद्दल मत आहे.

सर इंग्रजी शिकवतात. म्हणजे सगळं इंग्रजी नव्हे. काळ, प्रयोग, शब्दसंग्रह ही त्यांच्या लेखी ढोबळ माणसांची कामं. त्यांचा जीव प्रिपोझिशनमध्ये. 'क्रियापद कोणीही फेकतो. त्याच्यामागे टू येतो की फॉर येतो की काहीच येत नाही, तिथे माणूस कळतो.' आणि खरंच कळतो. पोरगं 'आय आस्क्ड टू हिम' म्हणालं की सर मान वर न करता म्हणतात, 'मराठी. त्याला विचारलं, तो ला घुसला.' 'आस्क्ड फ्रॉम हिम' आलं की, 'घरी हिंदी बोलता. उससे पूछा.' 'ही लाफ्ड ऑन मी' आणि 'ही वॉज अँग्री ऑन मी' यांवर तर त्यांचा खास लोभ. मराठी माणूस हसतोही दुसऱ्यावर आणि रागावतोही दुसऱ्यावर; इंग्रजाला हसायला 'अ‍ॅट' लागतो, रागवायला 'विथ'. 'डिस्कस अबाऊट' म्हणणाऱ्याला मात्र ते वर्गाबाहेर उभं करतात. 'डिस्कसला कुणाची गरज नाही. तू बाहेर थांब आणि त्याच्यासारखा एकटा राहायला शीक.'

नाव पडलं विठ्ठलवाडी स्टेशनावर. जिन्याच्या तोंडाशी टीसीने अडवलं आणि रिवाजाप्रमाणे विचारलं, 'काका, विदाऊट का?'

'विदाऊट व्हॉट?'

'तिकीट हो, काका.'

'मग तसं पूर्ण म्हणा. प्रिपोझिशनला अर्ध्यावर सोडू नये. पुढे नाम हवं, नाहीतर सर्वनाम. आणि सर्वनाम आलं तर ही चालत नाही, हिम लागतो. विदाऊट हिम!'

टीसी सावध झाला. 'म्हणजे बरोबर अजून कोणी होता?'

या हिमचा शोध चालू असताना तीन-चार खरेखुरे विदाऊट मागच्या मागे जिना उतरून गेले. शेवटी सरांनी खिशातून महिन्याचा पास काढून दाखवला. 'आधी का नाही दाखवलात?' 'तुम्ही मागितलाच नाहीत.'

तसा त्यांचा राग टीसीवर नाही, आपल्या सगळ्यांवर आहे. इंग्रजीतली ही चिमुकली मंडळी आपण उचलली ती आईबापांपासून तोडून, अनाथ पोरं आणावीत तशी. बदलापूरचा माणूस वर्षानुवर्षं 'अप-डाऊन करतो', बँकेत सर्व्हर 'डाऊन' असतो, शेजारचे आजोबा पहाटे 'ऑफ होतात'. सर त्या आजोबांच्या अंत्ययात्रेलाही गेले होते, पण रस्ताभर पुटपुटत होते, 'ऑफ काय? पास्ड अवे.'

सरांचं स्वतःचं इंग्रजी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पोसलेलं. त्यांच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीला भेटायचं. 2000 सालापासून राज्यात ते पहिलीपासून सुरू झालं आणि सरांच्या माळ्यावरच्या क्लासात दुधाचे दात पडायचे असलेली मंडळी येऊ लागली. त्यांनाही सरांनी ए फॉर अ‍ॅपल शिकवलं ते 'फॉर'वर जोर देऊन.

रेन आणि मार्टिनचं व्याकरण त्यांच्या उशाशी असतं. त्यातला रेन बरीच वर्षं सिंधमध्ये शाळाखात्यात नोकरीला होता, हे ते प्रत्येक सिंधी दुकानदाराला सांगतात. 'म्हणजे साईं, तुमच्या आधी तुमच्याकडून व्याकरण आलं.' दुकानदार आदराने मान हलवतो आणि भावात एक पैसा कमी करत नाही. एका दाल-पकवानवाल्याने मात्र सरांना खरंच गप्प केलं होतं. तो फोनवर कुणाला तरी 'चयोमांसि' म्हणाला. सरांनी अर्थ विचारला. 'मी त्याला म्हणालो.' एवढा एकच शब्द? म्हणणं, म्हणणारा आणि ज्याला म्हटलं तो, तिघं एकाच शब्दात! सिंधी क्रियापदाला सर्वनामं अशी शेपटासारखी चिकटतात, हे सरांना नवीन होतं. से टू हिममधला टू त्यांना कुठे दिसेना. 'अरे, पण टू कुठाय?' 'अंदर है, साईं. आप खाओ.' सरांनी खाल्लं. पण चावताना नजर शून्यात होती.

मजकूर काय आहे याच्याशी सरांचं देणंघेणं नसतं. उल्हासनगरच्या मालावर 'मेड इन यूएसए' लिहितात आणि यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद साऱ्या मुंबईला पाठ आहे. सर हसत नाहीत. 'इन बरोबर आहे', एवढाच त्यांचा शेरा. एका पोराने वहीत लपवलेलं 'आय अ‍ॅम इन लव्ह फ्रॉम यू' हे पत्र त्यांच्या हाती लागलं, तेव्हा त्यांनी फ्रॉम खोडून विथ केलं आणि सही करून परत दिलं. पत्र त्यांच्याच पुतणीला होतं; वर ठसठशीत लिहिलेलं तिचं नाव त्यांनी वाचलंच नाही. लग्नाच्या वेळी कार्डावरचं 'मॅरेज विथ' बघून मात्र भडकले. 'प्रेम विथ. लग्न टू. प्रेमात सोबत असते, लग्नात नुसती दिशा.'

हे काकूंनी ऐकलं. काकूंचा व्याकरणाशी संबंध गॅसच्या बटणापुरता. 'अहो, दूध ठेवलंय, बघून बंद करा ते.' सर ओट्याशी उभे राहून माझ्याकडे वळले. 'टर्न ऑफ द गॅस चालेल, टर्न द गॅस ऑफही चालेल. पण द गॅसच्या जागी इट आला की तो मधेच बसणार. टर्न इट ऑफ. टर्न ऑफ इट नाही. उलट लुक आफ्टर घे. लुक आफ्टर हिम. तिथे हिमला मधे शिरू देत नाहीत...' एवढ्यात दूध ओट्यावर आलं. 'बॉइल ओव्हर', सर म्हणाले. 'इथे ओव्हर क्रियाविशेषण.'

शिकलेली माणसं आणखी घोळ घालतात, असं सरांचं निरीक्षण. लहानपणी इंग्रजीतलं 'मी' म्हटलं की 'आय म्हण' असं इतकं दटावलं जातं, की मोठेपणी नको तिथेही आय येतो. एकदा एक वकील सरांच्या कानाशी लागले. जागेच्या व्यवहाराची आतली बातमी होती. 'सर, बिटवीन यू अँड आय...'

'मी!' सर ओरडले.

'हो, तुम्हीच. अजून कुणाला बोललो नाही.'

'मी! मी!'

'अहो, हळू. तुमचंही नाव घालू.'

बातमी काय होती ते सरांना आजतागायत माहीत नाही.

परवा त्यांचं पार्सल आलं. पोऱ्याचा फोन : 'सर, दवाखान्याच्या समोर उभा आहे.' सरांनी विचारलं, समोर म्हणजे इन फ्रंट ऑफ की ऑपोझिट? दाराशी की रस्त्यापलीकडे? आणि ऑपोझिट असेल तर पुढे टू लावू नकोस. पोरगं आमच्याच सुभाष टेकडीचं, कॉलेजात जाणारं. सर इंग्रजीत विचारतात तर आपणही इंग्रजीत सांगावं म्हणून त्याने बाणेदारपणे सांगितलं, 'सर, आय अ‍ॅम वेटिंग यू!'

सर बनियनवरच माळ्यावरून खाली धावले. एका पायात चप्पल, दुसरी जिन्यात. 'फॉर मी! फॉर मी!' असं ओरडत ते बॅरेकच्या कोपऱ्यावरून वळले, तशी पापड वाळत घालणारी मावशी घाबरून उठली.

'काय झालं हो सरांना?'

'काही नाही', काकू खिडकीतून म्हणाल्या, 'पार्सल आलंय.'