रामाकोन्याला नुसता रसिक चालत नाही

गाण्याची आवड असलेल्या माणसानं नागपूर-छिंदवाडा रस्त्यावर बसनं जाऊ नये. बसमध्ये काय ऐकायचं हे ड्रायव्हर ठरवतो, आणि या रस्त्यावरच्या समस्त ड्रायव्हरांचं लग्न नव्वदच्या दशकात ठरून तेव्हाच मोडलं असावं. कोराडी सुटेपर्यंत कुमार सानूचा विरह सुरू झाला. सावनेरला अलका याज्ञिक त्याची समजूत काढायला आली, पण केळवद आलं तरी तो काही ऐकेना. मी कानात वसंतराव देशपांड्यांचा मारवा लावला होता. मारव्यात पंचम वर्ज्य. ती उणीव ड्रायव्हरनं हॉर्न वाजवून भरून काढली, तीही प्रत्येक बैलगाडीला.

सातनूरला राज्य बदलतं, असं पाटी सांगते. पाटी नसती तर कळलं नसतं. संत्र्यांच्या त्याच बागा, तीच काळी जमीन, पानठेल्यावर तीच वऱ्हाडी-नागपुरी बोली. फक्त दुकानांच्या नावांत ‘भांडार’ आणि ‘जनरल स्टोर्स’ यांचं प्रमाण वाढतं. 1956 च्या नोव्हेंबरात नकाशावर रेघ पडली. तोवर जुन्या मध्यप्रदेशाची राजधानी असलेलं नागपूर इकडे आलं आणि सौंसर-पांढुर्णा तिकडेच राहिलं. 2023 साली त्यांचा वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला. रामाकोना त्यातलंच, सौंसरच्या पुढे, कन्हान नदीच्या काठचं. तिथे माझे मामा राहतात.

मामा स्टँडवर घ्यायला आले होते. पिशवी हातातून घेत त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “कानात काय कोंबलं हाये?”

“वसंतराव देशपांडे.”

“मूर्तिजापूरचे. म्हणजे तुमचे,” मामा म्हणाले, आणि लगेच हिशेबाला बसल्यासारखे सुरू झाले. “आता आमचे आईक. लताबाई कोठच्या? इंदूरच्या. किशोरकुमार? खंडव्याचा. दोघं बी 1929 चे. त्या साली आमच्याकडे पाऊसच तसा पडला होता.”

“मामा, लताबाई लहानाच्या मोठ्या सांगलीला झाल्या.”

“जन्म कोठं झाला ते सांग. दाखल्यावर जन्म लिवतात.”

“बरं. मग कुमार गंधर्व?”

“देवासचे. आमचे.”

“त्यांचा जन्म बेळगावकडचा. आत्ताच तुम्ही म्हणालात, दाखल्यावर...”

“तो नियम तब्येत ठीक असलेल्यायले,” मामा शांतपणे म्हणाले. “कुमारजी 1948 मध्ये क्षय घेऊन देवासले आले. आजारी तिकडे पडले, बरे इकडे झाले. गाणं बरं झाल्यावरचं धरतात.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मैहरचे अल्लाउद्दीन खाँ बंगालकडून आले होते, हेही मला ठाऊक होतं. पण आम्ही घराच्या पायरीशी पोचलो होतो आणि आतून पाटोडीच्या रश्शाचा वास येत होता. अशा वेळी सीमाप्रश्न ताणू नये.

जेवताना मामांनी जुन्या छोट्या गाडीची गोष्ट काढली. इतवारीहून लोधीखेडा, सौंसर, रामाकोना करत छिंदवाड्याला जाणारी ती नॅरोगेज. रुळांत अंतर फक्त 762 मिलिमीटर, म्हणजे डब्यात समोरच्याशी भांडण झालं तर गुडघ्याला गुडघा लावूनच करावं लागे. भजनी मंडळं या गाडीनं जात तेव्हा गाडी कुठेही थांबली तरी कोणाची तक्रार नसे, असं मामांचं म्हणणं. उलट मधेच सुटली तर चाल तुटायची. 2015 साली ती बंद झाली आणि पुढे रूळ रुंद झाले. “आता बसलं नाई तं स्टेशन येते,” मामा म्हणाले. “एक अभंग पुरा होत नाई. याले काय विकास म्हणायचा?”

रात्री मंदिरात भजन होतं. कार्तिकाचे दिवस, बागेत आंब्या बहाराची तोडणी चालू, त्यामुळे माणसं दिवसभर दमलेली असणार आणि लवकर पांगतील, असा माझा अंदाज. मी पहिल्या रांगेत भिंतीला पाठ लावून बसलो, शाल नीट घेतली आणि डोळे अर्धवट मिटले. नागपुरात या तयारीवर मला कोणीही जाणकार समजतं. पुढचं काम सोपं असतं. समेच्या जरा आधी मान हलवायची, तान संपता संपता ‘वा’ म्हणायचं, आणि मध्यंतरात हल्ली पूर्वीसारखं राहिलं नाही असं सांगायचं. भीमसेन जोशींनी 1953 साली पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला तेव्हापासून महाराष्ट्रात या शास्त्राची फार प्रगती झाली आहे.

इथे आधी खंजिरी तापवली गेली. दवानं कातडं सैल पडतं. एकानं वर्तमानपत्राचा बोळा पेटवला आणि दुसऱ्यानं खंजिरी त्याच्या धगीवर उलटीसुलटी फिरवत, कानाशी नेऊन टिचकी मारून पाहिली. नाही म्हणून मान हलवली. पुन्हा धग, पुन्हा टिचकी. मंडईच्या बातमीचं पान संपलं तेव्हा कुठे आवाज खणखणीत झाला. पेटीवाल्यानं काळी पाच दाबली. शहरात आमची माणसं काळी एकला गातात आणि वरच्या षड्जाला पोचली की टाळ्या घेतात. इथे भजनाची सुरुवातच त्या उंचीवर झाली. पुढे जायला वर फक्त मंदिराचा कळस होता.

माइक ज्याच्या ताब्यात होता त्याला ‘एको’ नावाचं बटण सापडलेलं होतं. म्हणणारा ओळ म्हणे, झीलकरी ती उचलत, आणि दोघांचं झालं की भोंगा आपल्या सवडीनं पुन्हा म्हणे. देवाला प्रत्येक मागणं तीनदा ऐकू जात होतं. सरकारी अर्जही तीन प्रतींतच लागतो म्हणा.

भजनं तुकडोजी महाराजांची. मोझरीच्या गुरुकुंजातून खेडोपाडी गेलेली, खंजिरीच्या ठेक्यावर बेतलेली. एक मराठी झालं की एक हिंदी, आणि सांधा कुठे आला ते कळत नव्हतं. एका वळणाला गाणाऱ्यानं सूर असा लावला की माझ्या तोंडून मनापासून ‘वा’ गेलं. पण त्या जागी जोरात झील यायची होती. माझा ‘वा’ तिच्या खाली सापडला आणि पुन्हा काही वर आला नाही. शेजारचे आजोबा डोळे उघडून माझ्याकडे बघत होते. रागानं नव्हे. भरल्या शेतात कोणी हात बांधून उभा दिसला की जसं बघतात, तसं.

“पाहुने, मोकळे कायले बसले?” म्हणत त्यांनी झांजा माझ्या हातात दिल्या.

तेव्हा मी नीट आजूबाजूला पाहिलं. नुसतं ऐकणारं तिथे कोणी नव्हतंच. एकाकडे चिपळ्या, एकाकडे टाळ. पोरं टाळ्या धरत होती. बाया मागून झील ओढत होत्या, एकीच्या मांडीवरचं पोर झोपलेलं होतं तरी तिचा हात त्याच्या पाठीवर ठेक्यात पडत होता. माझी आयुष्यभराची कमाई म्हणजे ऐकणं, आणि या गावात त्या पदाला मंजुरीच नाही!

झांज वाजवणं सोपं वाटतं. पहिल्या चार आवर्तनांत हात बरोबर पडतो. पुढे लय चढते, मनगट मागे राहतं आणि आवाज दाबायचा कुठे हे कळेनासं होतं. आजोबा मधूनमधून माझ्या कोपराला धक्का देऊन मला जागेवर आणत होते. दमलेल्या माणसांबद्दलचा माझा अंदाज मध्यरात्रीपर्यंत खोटा ठरत राहिला.

चहा आला तेव्हा मामा सरकत जवळ आले. चेहऱ्यावरून हिशेब पुन्हा उघडला होता हे दिसत होतं.

“मामा, तुकडोजी महाराज मात्र आमचे,” मी आधीच सांगून टाकलं. “यावलीचे, अमरावती जिल्ह्यातले. जन्मही तिथला, आणि तब्येतही ठीक होती.”

मामांनी बशीत चहा ओतला. “भजनं हिंदीत बी लिवली ना त्यायनं?”

“लिहिली.”

“मंग हिंदी आमची, मराठी तुमची. अर्धे अर्धे.”

“अहो, पण तुम्ही तर इथे मराठीच बोलता!”

“तेच म्हणतो मी,” मामा बशी खाली ठेवत म्हणाले. “मराठी आम्ही बोलतो, हिंदीत राहतो. सगळीच आमची झाली. चाल, झांज उचल, ते पेटीवाला वाट पाहून राहिला.”