पाताळातला बेसॉल्ट आणि आहुप्याचा हिरडा

माइनक्राफ्ट हा २०११ साली पूर्ण स्वरूपात बाजारात आलेला स्वीडिश संगणकीय खेळ असून त्यातील सारे विश्व ठोकळ्यांचे बनलेले आहे. ठोकळे फोडून साहित्य मिळवायचे आणि तीन ओळी व तीन रकान्यांच्या चौकटीत ते ठरल्याप्रमाणे मांडून वस्तू घडवायची, या क्रियेला खेळाडू ‘क्राफ्टिंग’ म्हणतात. ज्या मांडणीने वस्तू बनते तिला, स्वयंपाकघराशी कसलाही संबंध नसताना, ‘रेसिपी’ म्हणतात. अशीच एक रेसिपी वही व लेखणीची आहे: उसाच्या तीन कांड्यांपासून तीन कागद, कागदांना चामडे जोडले की वही, आणि वहीला माकूल या समुद्री प्राण्याची शाईची पिशवी व एक पीस जोडले की लेखनाचे साहित्य सिद्ध होते. हे साहित्य पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांत प्रत्यक्ष हिंडून जमवण्याचा संकल्प करणाऱ्या प्रवाशाने निघण्यापूर्वी एवढेच ध्यानात ठेवावे, की या प्रदेशात समुद्र नाही.

दुर्मीळतेविषयीचे त्याचे ज्ञान पहिल्याच मुक्कामी निकामी ठरते. खेळात बेसॉल्ट मिळवण्यासाठी प्रामुख्याने ‘नेदर’मध्ये, म्हणजे तप्त लाव्हारसाने भरलेल्या पाताळात, उतरावे लागते आणि तेथून जिवंत परतणे हा मोठा पराक्रम समजला जातो. जुन्नरमध्ये उतरणाऱ्याला मात्र एस.टी.च्या पायरीवरून पाय खाली ठेवताच बेसॉल्ट लाभतो, कारण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी उद्रेकांतून थरावर थर साचून तयार झालेले दख्खनचे पठार त्याच दगडाचे आहे. हा दगड हाताने फोडू पाहिल्यास बराच वेळ जातो आणि शेवटी हाती काहीच लागत नाही, हा नियम तेवढा दोन्हीकडे समान आहे. सातवाहनकाळातील कारागिरांनी लोखंडी छिन्न्यांनी याच दगडात जुन्नरभोवती दोनशेहून अधिक लेणी कोरली. त्यांपैकी लेण्याद्रीच्या समूहातील एका लेण्यात अष्टविनायकांतील गिरिजात्मज आहे. सुमारे तीनशे पायऱ्या चढताना भेटणारी माकडे ही खेळाच्या परिभाषेत ‘मॉब’, म्हणजे खेळाडूच्या वाटेत येणारी सजीव सृष्टी, या वर्गात मोडतात. खेळातले अनेक मॉब प्राणावर उठतात, येथले पिशवीवर उठतात, आणि केळी असलेली पिशवी कोणती याविषयी त्यांचा अंदाज सहसा चुकत नाही.

पिशवीचा विषय निघालाच आहे, तर खेळातील ‘इन्व्हेंटरी’चा, म्हणजे खेळाडूजवळच्या सामानाच्या कप्प्यांचा, हिशेब करणे उचित ठरेल. हे कप्पे ३६ असतात, प्रत्येकात ६४ ठोकळे मावतात, आणि प्रत्येक ठोकळा एक घनमीटरचा मानला जातो. एका घनमीटर बेसॉल्टचे वजन पावणेतीन ते तीन टन भरत असल्याने सर्व कप्पे भरून नाणेघाटातून चालणारा खेळाडू सहा हजारांहून अधिक टन दगड अंगावर वागवत उड्याही मारत असतो. याच घाटाने कोकणातून वर येणाऱ्या व्यापाऱ्यांचे बैल इतके भाग्यवान नव्हते. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीच्या नाण्यांसाठी होता असे सांगितले जाते. सहा हजार टनांवर जकात आकारण्याचा प्रसंग आला असता, तर सातवाहनांना आणखी रांजण कोरावे लागले असते.

कागदाचा शोध उसापासून सुरू करावा लागतो. खेळातला ऊस पाण्याच्या काठालाच लागतो, आणि कुकडी प्रकल्पाच्या धरणांमुळे ही अट या तालुक्यांनी उदारपणे पूर्ण केली आहे. तथापि येथला ऊस विघ्नहर व भीमाशंकर या सहकारी कारखान्यांकडे जाऊन त्याची साखर होते, आणि तोडणीपर्यंत त्यात बिबटे राहतात. बछडी फडातच वाढल्यामुळे ऊस हेच या बिबट्यांचे रान झाले असून माणिकडोह येथे त्यांच्यासाठी निवारा केंद्र चालवावे लागते. खेळात मेलेला खेळाडू आपल्या अंथरुणापाशी पुन्हा जिवंत उभा राहतो; ऊसतोड कामगारांना व वस्तीवरच्या मुलांना ही सोय नाही, त्यामुळे फडात शिरून तीन कांड्या मोडण्याचा मोह प्रवाशाने आवरावा हेच इष्ट.

शिवाय ज्या कागदासाठी जुन्नर प्रसिद्ध होते त्याचा उसाशी संबंधच नव्हता. पेशवाईच्या दप्तरांत वापरला गेलेला जुन्नरी कागद येथील कागदी समाजाचे कारागीर तागाच्या जुन्या गोणपाटांपासून व तत्सम चिंध्यांपासून करीत. कच्चा माल चुन्यात भिजवायचा, कुटायचा, नदीत धुवायचा, त्याचा लगदा हौदात कालवून गवताच्या काड्यांच्या चाळणीवर एकेक ताव उचलायचा, तो भिंतीला चिकटवून वाळवायचा, खळ लावायची आणि शेवटी गुळगुळीत दगडाने घोटायचा, असा हा क्रम होता. खेळात हे सारे एका टिचकीत होते. ज्याच्याकडे खेळात कोणी ढुंकूनही पाहत नाही तो कागद जुन्नरच्या बाजारपेठेत हिऱ्याहून दुर्मीळ आहे; तो मागणाऱ्या प्रवाशापुढे दुकानदार शंभर पानी व दोनशे पानी असे दोन पर्याय ठेवतो आणि वर रेघी की कोरी, असे विचारतो.

शाईसाठी आंबेगाव तालुका गाठावा लागतो, आणि येथे प्रवासाला खरी गोडी येते, जरी पदार्थ तुरट असला तरी. घोडेगावहून आहुपे या गावाकडे जाणारा रस्ता डिंभे धरणाच्या फुगवट्याच्या कडेने जातो. ज्या गावाने तालुक्याला नाव दिले ते जुने आंबेगाव याच पाण्याखाली गेलेले असल्याने आंबेगाव तालुक्यात हिंडून आंबेगाव पाहण्याचा हट्ट धरू नये. पुढे भीमाशंकरच्या डोंगररांगेत हिरड्याची झाडे लागतात. उन्हाळ्याच्या तोंडाशी, आत बी धरण्यापूर्वी गोळा करून वाळवलेल्या कोवळ्या फळांना बाळहिरडा म्हणतात, आणि महादेव कोळी कुटुंबांच्या वर्षभराच्या रोख उत्पन्नाचा मोठा भाग त्यावर अवलंबून असतो. खेळात वस्तू मिळण्याची शक्यता संगणक ठरवतो. येथे ती मोहोर, वारा आणि व्यापाऱ्याचा त्या दिवशीचा भाव ठरवतात. २०२०च्या निसर्ग चक्रीवादळात येथील हिरड्याची मोठी हानी झाली, आणि मोडलेली झाडे खेळातल्याप्रमाणे रोप लावून काही मिनिटांत उभी राहिली नाहीत.

हिरड्यात टॅनिन हे तुरट द्रव्य विपुल असते. हिरड्याच्या काढ्यात हिराकस, म्हणजे लोहाचा एक क्षार, घातला की काळा रंग उतरतो आणि त्याची शाई होते. याच टॅनिनने चामडेही कमावता येते. रेसिपीतील दोन जिन्नसांची अशी एकाच झाडाखाली सोय झाल्याने माकूल निश्चिंत मनाने समुद्रात राहू शकतो. मात्र शेजारच्या देवराईत, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानात, परंपरेप्रमाणे वाळकी काटकीही उचलायची नसते. दिसेल तो ठोकळा फोडण्याची सवय जडलेल्या प्रवाशाला हे रान पाहून हात मागे बांधून चालावे लागते, आणि ही अवस्था त्याला पाताळाहून कठीण वाटते.

उरलेल्या जिन्नसांचा निकाल लवकर लागतो. मराठी कारकून पिसाने नव्हे तर बोरूने लिहीत असे आणि कागदांचे गठ्ठे चामड्यात न बांधता कापडी रुमालात बांधी. म्हणजे मूळ रेसिपीतले बहुतेक सारे गळून परतताना प्रवाशाच्या पिशवीत फक्त पावशेर बाळहिरडा उरतो. घोडेगावच्या स्थानकावर बाकावर शेजारी बसलेले वृद्ध गृहस्थ त्या पुडीकडे व मग प्रवाशाच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहतात, शाईचे सगळे रसायनशास्त्र शांतपणे ऐकून घेतात आणि सहानुभूतीने सांगतात, की लाजण्यासारखे त्यात काही नाही, रात्री कोमट पाण्याबरोबर घ्या, सकाळी मोकळे वाटेल.