मजुरी वाचली

काकांनी अ‍ॅटिकमध्ये इन्सुलेशन भरायला माणूस बोलावला नाही, हे वेगळं सांगायला हवं का? मिनिअ‍ॅपोलिसचे आमचे हे काका केससुद्धा काकूंकडून कापून घेतात आणि मागून भादरलेल्या डोक्यावर हात फिरवत म्हणतात, "मजुरी वाचली!"

ठरावीक पोती घेतली की दुकानवाले ब्लोअर दिवसभर फुकट देतात. 'फुकट' ऐकलं आणि काका गेले कामातून. पोत्यांत सेल्युलोज, म्हणजे वर्तमानपत्रांची रद्दीच, बारीक कुटून, आग लागू नये म्हणून बोरेट मिसळलेली. पुण्यात रद्दीवाल्याशी पाव किलोवरून भांडलेला हा माणूस डॉलर मोजून रद्दी घेऊन आला आणि उष्णता अडवण्याची आर-49 ही पातळी गाठायला तिचा चौदा इंची थर दिला!

भरणं दुपारी संपलं. आवरणं दिवाळीपर्यंत चाललं. काका फर्नेसचा पंखा बंद करायला विसरले होते. अ‍ॅटिकच्या झाकणातून उतरलेली करडी धूळ फर्नेसकडे हवा परत नेणाऱ्या रिटर्नच्या जाळीने ओढली आणि खोल्याखोल्यांत वाटली. देव्हाऱ्यातला बाळकृष्णही करडा. काकूंनी ओलं फडकं फिरवलं, तर कागदाचा लगदा झाला. काकांनी घरचा व्हॅक्युम लावला. त्याने पुढून ओढलेली बारीक धूळ मागून सोडली. मग हेपा फिल्टरचा दणकट व्हॅक्युम विकत आणला. शेवटी डक्ट साफ करणारा आला. त्याच्या हातात चेक ठेवताना काका म्हणाले, "पण भरायची मजुरी वाचली!" त्या दिवाळीत काकूंच्या चकल्यांना कुणी हात लावला नाही.

बरं, हे इन्सुलेशन भरायचं काम एकट्याचं नव्हेच. एकाने वर नळी धरायची, दुसऱ्याने खाली ड्राइव्हवेत पोती फोडून यंत्रात टाकायची. पूर्वी खाली मुलगा असे. तो सिअ‍ॅटलला गेला. तेव्हापासून ओळखीत कुणाचंही काम निघालं की काका मास्क लावून हजर. उणे वीसमध्ये माझी फर्नेस बंद पडली तेव्हा रात्री टॉर्च घेऊन आले. पैशांचं विचारलं तर चिडले. पिठलं-भात मात्र दोनदा घेतला, आणि निघायची घाई अजिबात दिसली नाही.

येत्या शनिवारी त्यांना गराजवरच्या माळ्यात भरायचंय. पोती टाकायला मी जाणार आहे. फर्नेसचा पंखाही मीच बंद करणार आहे.