कुठले तुम्ही?

पुंडलिकाने देवाला विटेवर उभं केलं, कारण तो आईबापाचे पाय चेपत होता. आमच्या पुंडलिकनगरात रात्री साडेनऊला ताट वाढून आई दारात उभी असते आणि चिरंजीव आतून ओरडतात, "थांब, मॅच चालू आहे!" वीटसुद्धा देत नाहीत. बरं, 'जरा थांबव तुझा खेळ' म्हणावं, तर तसं बटणच नाही. पब्जीत १०० माणसं एका विमानातून बेटावर उतरलेली असतात. त्यातला एक वरणभातासाठी उठला म्हणून उरलेले ९९ गोळीबार आवरता घेत नाहीत. देव निदान कमरेवर हात ठेवून गप्प राहिला. आमच्या गल्लीतल्या माउल्यांचे हात कमरेवर असतात, गप्प राहण्याची हमी मात्र कोणी देत नाही.

या बेटावर मी उतरलो तो चौथा म्हणून. भाच्याच्या टोळीतल्या एकाचा मोबाइल परीक्षेच्या तोंडावर जप्त झाला होता आणि 'चौथा पाहिजे' ही हाक माझ्या पिढीला टाळता येत नाही. जालना-संभाजीनगर अप-डाउन करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. चार गुडघ्यांवर पेपर पसरायचा आणि मेंढीकोट मांडायचा. तिघंच असले तर चौथा भिडू डब्यातून उचलायचा. तो महसूलचा आहे, बँकेचा आहे की बिनतिकिटाचा आहे, हे बदनापूर येईपर्यंत कोणी विचारत नसे. त्याच्या हातात दश्शी किती, एवढंच महत्त्वाचं. मुकुंदवाडीला उतरणारे हातातला डाव तसाच शेजाऱ्याला देऊन पळत आणि तो शेजारी पुढच्या स्टेशनापर्यंत त्यांचा भिडू होई. आता यालाच मॅचमेकिंग म्हणतात म्हणे.

"मामा, तुम्ही नुसतं झोपून राहा," भाच्यानं पहिल्या दिवशी बजावलं. "काही उचलू नका, कोणाला मारायला जाऊ नका." पन्नाशीनंतर माझी पात्रता इतक्या मोकळेपणी मला कोणी सांगितली नव्हती. तरी मी सहा जण लोळवले आणि जेवताना बायकोला सविस्तर सांगितलं. भाचा भाकरी मोडता मोडता म्हणाला, "मामा, ते बॉट होते."

म्हणजे माणसं नव्हतीच. नव्या खेळाडूपुढे हा खेळ सुरुवातीच्या मॅचमध्ये बहुतेक यंत्राचेच गडी उभे करतो. ते नेम चुकवतात, उघड्यावर येतात आणि सोयीनं मरतात. आमच्या लहानपणी याला कच्चा लिंबू म्हणायचे. कच्च्या लिंबाला आउट करायचं नाही, त्याच्यावर राज्य द्यायचं नाही. फरक एवढाच, की तेव्हा कच्च्या लिंबाला आपण कच्चे आहोत हे ठाऊक असे. इथं त्याला वाटतं आपण सेनापती. नव्या नगरसेवकाला पहिल्या महिन्यात शाली मिळतात, त्यातलाच प्रकार.

शाली संपल्या की खरी माणसं येतात. ती कशी निवडायची याचं शास्त्र आहे. आर्पाड एलो नावाचे हंगेरीत जन्मलेले प्राध्यापक अमेरिकेत भौतिकशास्त्र शिकवत. त्यांनी बुद्धिबळपटूंना गुण देण्याची एक पद्धत बसवली आणि जागतिक संघटनेनं ती १९७० मध्ये उचलली. तगड्याला हरवलंत तर भरघोस गुण, लिंबूटिंबूला हरवलंत तर चिमूटभर. आजच्या ऑनलाइन खेळांत जोड्या लावणारी गणितं बहुतेक याच घराण्यातली. तुमची पायरी कोणती आणि तुमचं नेट किती रखडतं, एवढ्यावर काही सेकंदांत चार अनोळखी माणसं एकमेकांच्या गळ्यात बांधली जातात. जगातलं हे एकमेव वधू-वर सूचक मंडळ असावं जिथं आडनाव, गाव, पगार आणि पुण्यातला फ्लॅट यांतलं काहीच विचारत नाहीत. या खेळाच्या मूळ नावातच 'अनोळखी खेळाडू' आहे. तो रचणारा आयर्लंडचा ब्रेंडन ग्रीन हेच टोपणनाव घेऊन वावरायचा. (त्यानं बेटाचं एरँगल हे नाव मुलीच्या नावावरून बेतलं. आमच्याकडे बिल्डर मुलीचं नाव अपार्टमेंटला देतात आणि पार्किंग विसरतात.)

मंडळाची ही उणीव आपण माइकवरून भरून काढली आहे.

माइक चालू झाला की पहिलं वाक्य हिंदीत. पुंडलिकनगरातलं पोर आईशी मराठीत भांडतं आणि बंदूक हातात आली की 'भाई, कव्हर दे' म्हणतं. पण दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला एखादं 'हौ' किंवा 'नक्को' निसटतं आणि बोलणारा कुठल्या पाण्यावर वाढलाय ते उघडं पडतं.

"मराठी का?"

"हो ना."

"कुठले तुम्ही?"

"औरंगाबाद."

"संभाजीनगर म्हणा."

केंद्रानं हे नाव २०२३ मध्ये मंजूर केलं, तेवढ्यावर विषय मिटायला हवा होता. तो मिटेपर्यंत दोघंही बेटावरच्या पोचिंकी गावातल्या एका छपरावरून टिपले गेले. मारणारे कुठले होते, ते कळलं नाही. बहुधा त्यांना बोलायची सवय नव्हती.

दुसऱ्या रात्री गाडी आणखी पुढं गेली. "पुंडलिकनगरला कुठं? गजानन मंदिराकडून की हनुमाननगरकडून?" "मधल्या गल्लीत." "मग ते पिठाच्या गिरणीवाले तुमचे कोण?" एव्हाना बेटावरचं सुरक्षित वर्तुळ आकसत आलं होतं, शेवटचे वीस जण उरले होते आणि आमच्या चौघांतले तिघं गिरणीवाल्यांचं नातं लावत होते. मग तो ठरलेला प्रश्न आला, "आडनाव काय म्हणालात?" तो काहीच म्हणाला नव्हता. आता म्हणणार, तोच गोळी लागून आडवा झाला. समाजसुधारणेच्या बाबतीत या गोळीनं जे केलं ते भल्याभल्या परिषदांना जमलेलं नाही.

आमच्या गल्लीत एक कार्यकर्ते आहेत. पक्ष सांगत नाही, कारण हा अंक तुमच्या हाती पडेपर्यंत तो तोच असेल याची खात्री नाही. भाच्याकडे येऊन त्यांनी या खेळाची बारकाईनं चौकशी केली.

"मॅच चालू असताना समोरच्या टोळीत जाता येतं का?"

"नाही, काका."

"बरं, निम्मी टोळी घेऊन गेलं तर?"

"तरी नाही."

"आणि टोळीचं नाव न् निशाणी?"

"ती कशी नेता येईल, काका?"

त्यांनी मोबाइल परत दिला. "पोरखेळ आहे," म्हणाले.

सरकारनंही या खेळाशी बराच खेळ केला. २ सप्टेंबर २०२० रोजी ११८ ॲप बंद झाले, त्यात पब्जी गेला. २ जुलै २०२१ ला तोच भारताचं नाव लावून परत आला आणि मुंज झालेल्या बटूसारखा सोवळा होऊन आला. रक्त हिरवं झालं. 'मारलं' जाऊन 'संपवलं' आलं. अठराच्या आतल्यांना दिवसाला ३ तास. जुलै २०२२ मध्ये तो पुन्हा दुकानातून उचलला गेला, मे २०२३ मध्ये पुन्हा मांडला गेला. अल्पवयीनांसाठी पालकांच्या मोबाइलवर ओटीपी येण्याची सोयही झाली. आता बाप नऊ वाजता घोरायला लागतो आणि त्याचा मोबाइल मुलाच्या हातात असतो. परवानगी मागणारा आणि देणारा एकच. आपल्याकडच्या कित्येक शिक्षणसंस्था याच पद्धतीवर सुरळीत चालतात.

याच काळात, डिसेंबर २०२० मध्ये, आमच्या शहराच्या १,६८० कोटींच्या पाणीयोजनेचा नारळ फुटला. त्यानंतर गेम एकदा गेला आणि दोनदा आला. नळाचं आम्ही कोणी बोलत नाही. जायकवाडी उशाशी असून कधी पाच दिवसांनी पाणी, कधी आठ. दिवस कळला तरी वेळ कळत नाही. ती लाइनमनच्या मनात असते. ३ तासांची मर्यादा नळाला घातली, तर पुंडलिकनगर दिवाळी करील.

परवाच्या रात्री या दोन योजना एकत्र आल्या.

आमच्या टोळीत 'शांतवादळ' नावाचा एक अनोळखी गडी जोडला गेला होता. आवाज पोक्त, बोलणं मोजकं. त्यानं मला गावही विचारलं नाही. मी तीनदा पडलो आणि तीनदा तो गोळ्यांतून वाट काढत आला. माझ्याजवळ गुडघे टेकून बसला, मला उठवलं आणि वर "सावकाश, मामा" म्हणाला. माझ्या सख्ख्या भावानं सोयाबीनच्या हिशेबात माझ्यासाठी एवढं केलेलं नाही. शेवटचे सहा उरले होते. भाच्याचा श्वास अडकला होता. तेवढ्यात हेडफोनमध्ये कुणा बाईचा लांबून आवाज आला, "अहो, पाणी आलं!" आणि शांतवादळ "माफ करा, मंडळी" म्हणून नाहीसा झाला.

त्याच क्षणी आमच्या मोरीतला नळ फुरफुरला.

भाचा अजून बेटावर होता. मी मात्र उठलो. एकाच क्षणी दोन नळ फुरफुरतात याचा अर्थ व्हॉल्व्ह एक. जोड्या लावायचं हे गणित एलोसाहेबांना सुचलं नसतं, ते कधी आठव्या दिवशीच्या पाण्यावर राहिले नसावेत.

"मामा, काय करायले? रँक जाईल आपली!"

"थांब," मी म्हणालो. वीट मलाही सापडली नाही.

मागच्या दारानं बोळीत आलो तर भिंतीपलीकडे बनियनवर एक गृहस्थ उकिडवे बसून मोटरमध्ये तांब्यानं पाणी ओतत होते. हेडफोन गळ्यात तसाच. सात वर्षं शेजारी. आमचा संबंध आजवर त्यांच्या शेवग्याच्या फांदीपुरता, तोही भांडणाचा. मी पाइप ओढताना खाकरलो. त्यांनी मान वर केली.

"मामा?"

"शांतवादळ?"

दोघंही हसलो. त्यांनी बटण दाबलं. भिंत थरथरली आणि माझ्या नळाची धार आधी करंगळीएवढी, मग सुतळीएवढी झाली. मला तीनदा उठवणाऱ्या त्या माणसाची मोटर दीड हॉर्सपॉवरची होती. आमची अर्ध्याची.