सायरन आहे, दरपत्रक कुठे?

मुंबईत रिक्षात बसलं की पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये. हे रिक्षावाल्याला माहीत आहे, प्रवाशाला माहीत आहे आणि मीटरलाही. १ फेब्रुवारी २०२५ पासून हा दर लागू आहे, तो परिवहन प्राधिकरणाने ठरवलेला आहे. रिक्षावाल्याला परमिट लागतं, बॅज लागतो, मीटरचं पासिंग लागतं. आता हाच प्रवासी छातीत कळ येऊन घरी पडला आणि घरच्यांनी चौकातली खासगी रुग्णवाहिका बोलावली, तर पहिल्या दीड किलोमीटरला किती? कुणी सांगेल का?

सांगता येत नाही, याचं कारण कायद्यातच आहे. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं ६६वं कलम वाहतुकीच्या गाडीला परमिटची सक्ती करतं आणि पोलीस, अग्निशमन व रुग्णवाहिका यांना त्यातून सूट देतं. हेतू चांगलाच होता. जीव वाचवायला निघालेली गाडी कागदासाठी अडू नये. पण सरकार भाडं, अटी, शिस्त हे सगळं ज्या खुंटीला टांगतं ती खुंटी म्हणजे परमिट. इथे खुंटीच काढून टाकली आणि तिच्या जागी दुसरं काही लावलंच नाही.

मग या गाडीकडे बघतं कोण? आरटीओ बघतं, पण गाडी म्हणून. रंग, दिवा, सायरन, फिटनेस. २०१८ पासून रुग्णवाहिकांसाठी एआयएस-१२५ हे मानक आहे. त्यात ए, बी, सी, डी असे चार प्रकार आहेत. साध्या ने-आणीच्या गाडीपासून व्हेंटिलेटरवाल्या गाडीपर्यंत कशात काय असावं, हे लिहिलेलं आहे. पासिंगच्या दिवशी ते असेलही. पुढच्या मंगळवारी रात्री दोन वाजता ते आहे का, हे बघायला आरटीओचा निरीक्षक येणार नाही, आणि ते त्याचं कामही नव्हे.

आरोग्य खातं बघतं, पण फक्त इमारतीकडे. महाराष्ट्रात खासगी रुग्णालयाची नोंदणी १९४९च्या शुश्रूषागृह कायद्याखाली होते आणि शहरात ती महापालिकेच्या हातात असते. २०२१ मध्ये या नियमांत चांगली सुधारणा झाली. रुग्णालयाने दरपत्रक दर्शनी भागात लावायचं, रुग्णहक्कांची सनद लावायची, तक्रार ऐकणारा अधिकारी नेमायचा. फाटकाबाहेर उभी असलेली खासगी रुग्णवाहिका मात्र यात कुठेच नाही. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तशी गत. इथे उपाशी राहतो तो स्ट्रेचरवरचा माणूस, आणि त्याची भूक ऑक्सिजनची असते.

एका जिल्ह्याच्या गावी, रुग्णालयाच्या दारात मी उभा होतो. एका बाईंच्या सासऱ्यांना पुण्याला रेफर केलं होतं. ईको गाडी दाराला लागली. चालक म्हणाला, "ताई, पुण्याचे साडेसात हजार. ऑक्सिजन लावायचा तर हजार वेगळे. टोल तुमच्याकडे." राष्ट्रीय महामार्गावर रुग्णवाहिकेला टोल माफ आहे. बाईंना हे कसं माहीत असणार? त्या म्हणाल्या, "दादा, निम्मे आत्ता फोनपे करते, बाकीचे तिकडे पोचल्यावर." गाडीत एक बाकडं, एक स्ट्रेचर, बाकड्याखाली आडवा पडलेला सिलिंडर. फ्लोमीटरच्या बाटलीत पाण्याचा थेंब नव्हता. सिलिंडर उघडायची चावीच सापडेना. शेवटी शेजारच्या गाडीतून मागून आणली. पावती कुणी मागितली नाही, कुणी दिली नाही. आणि आत बसायला चालकाच्या ओळखीचा एक पोरगा, ज्याला नाडी कुठे बघायची हेही शिकवलेलं नव्हतं.

त्या सिलिंडरचं गणित एकदा मांडून बघा. छोट्या रुग्णवाहिकेत बहुधा 'बी टाइप' सिलिंडर असतो. तो पूर्ण भरलेला असेल तर त्यात साधारण १,५०० लिटर ऑक्सिजन मावतो. रुग्णाला मिनिटाला १० लिटर लागत असेल तर १५० मिनिटं, म्हणजे अडीच तास. नाशिकहून मुंबई सुमारे १६५ किलोमीटर. कसारा घाट आणि भिवंडी-ठाण्याची गर्दी धरली तर चार तास सहज. म्हणजे एकच सिलिंडर घेऊन निघालेल्या गाडीतला ऑक्सिजन रुग्णालय यायच्या कितीतरी आधी संपणार. हे पाचवीच्या मुलाला सोडवता येणारं उदाहरण आहे. गाडी निघण्याआधी ते सोडवणं ही आज कुणाचीही कायदेशीर जबाबदारी नाही, आणि माझा सगळा राग इथे आहे.

रुग्णवाहिकेला वाट दिली नाही तर तुम्हाआम्हाला शिक्षा आहे. मोटार वाहन कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीपासून दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. योग्यच आहे. मी वाट देईन, तुम्हीही द्या. पण ज्या गाडीसाठी सगळा रस्ता बाजूला होतो, तिच्या आत काय आहे हे विचारायचा हक्क त्या रस्त्याला आहे की नाही?

हे नियंत्रण जमणारच नाही, असं कुणी म्हणू नये. कोरोनात जमवलं होतं. २०२०च्या जूनअखेरीस पुण्यात सात किलोमीटरला आठ हजार रुपये घेतल्याचं प्रकरण गाजलं, गुन्हा दाखल झाला. राज्य सरकारने खासगी रुग्णवाहिका ताब्यात घ्यायचे अधिकार जिल्हाधिकारी आणि महापालिका आयुक्तांना दिले. जिल्ह्याजिल्ह्यात प्रादेशिक परिवहन प्राधिकरणांनी गाडीच्या प्रकारानुसार दर ठरवले. त्याच वर्षी ११ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना सांगितलं, कोरोना रुग्णांसाठी रुग्णवाहिकेचे वाजवी दर ठरवा. मग साथ ओसरली आणि तो धाकही ओसरला. ज्या जिल्ह्यांत प्राधिकरणाचे दर आजही कागदावर आहेत, तिथेही ते फायलीत आहेत. गाडीच्या मागच्या दारावर ते मी तरी पाहिलेले नाहीत.

नुसते दर ठरवूनही भागत नाही, हेही कोरोनानेच दाखवलं. एप्रिल २०२१ मध्ये अंबाजोगाईला एका रुग्णवाहिकेत २२ मृतदेह कोंबून स्मशानात नेले गेले. कारण दिलं गेलं ते गाड्या कमी असल्याचं. किती गाड्या हव्यात, त्या कुठे उभ्या असाव्यात, याचा हिशेब शांत दिवसांत कुणीतरी मांडायचा असतो. तो मांडला गेला नव्हता.

"१०८ आहे की!" असं लगेच ऐकू येईल. आहे, आणि ती या राज्याने केलेली मोठी गोष्ट आहे. २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनी ती सुरू झाली. २३३ अत्याधुनिक, ७०४ प्राथमिक जीवरक्षक, सोबत डॉक्टर आणि रुग्णाला एक पैसा खर्च नाही. पण २०११च्या जनगणनेचाच आकडा धरला तरी तेव्हा एका गाडीमागे सुमारे एक लाख वीस हजार माणसं पडत होती. शिवाय एका खासगी रुग्णालयातून दुसऱ्यात हलवणं, डायलिसिसला नेणं-आणणं, घरी सोडणं ही रोजची कामं खासगी गाड्याच करतात. म्हणून त्या खासगी गाड्यांचा विचार १०८च्या आडोशाने टाळता येणार नाही.

केरळने टाळला नाही. २०२४ मध्ये तिथे खासगी रुग्णवाहिकांचे दर सरकारने जाहीर केले. आयसीयू दर्जाच्या गाडीला किमान २,५०० रुपये, ओम्नीसारख्या छोट्या गाडीला ६००, पुढे किलोमीटरप्रमाणे, थांबण्याचा आकार वेगळा पण तोही ठरलेला. दारिद्र्यरेषेखालच्या रुग्णाला आयसीयू गाडीत २० टक्के सूट. आणि दरपत्रक गाडीत लावायचं.

अमेरिकेत कॅलिफोर्नियासारख्या राज्यात काउंटी, म्हणजे जिल्हा पातळीवरचं सरकार, रुग्णवाहिका कंपनीशी करार करतं. किती मिनिटांत पोचायचं ते त्यात लिहिलेलं असतं आणि उशीर झाला तर कंपनीला दंड बसतो. पण अनपेक्षित बिलांपासून रुग्णाला वाचवणारा जो केंद्रीय कायदा तिथे जानेवारी २०२२ पासून लागू झाला, त्यातून रस्त्यावरच्या रुग्णवाहिका वगळल्या गेल्या. वेळ बांधली, बिल मोकळं सोडलं. आपण दोन्ही मोकळं सोडलं आहे.

आपल्याकडे लोकप्रतिनिधींचा उत्साह लोकार्पणात असतो. चौकात मांडव, नारळ, गाडीच्या तिन्ही बाजूंना नेत्याचा फोटो. गाडी देणं वाईट नाही. कित्येक गणेश मंडळं, ट्रस्ट वर्षानुवर्षं मनापासून ही सेवा चालवतात आणि रात्री-अपरात्री धावतात. पण खासदार निधीच्या नियमांत आवर्ती खर्च बसत नाही. चालकाचा पगार, डिझेल, विमा, सिलिंडर भरून आणणं हे त्या निधीत नाही. लोकार्पणाच्या दिवशीच नगरसेवकाला विचारा: या गाडीचा चालक कोण, त्याला पगार कोण देणार आणि सिलिंडर कोण तपासणार? उत्तर येईपर्यंत नारळ फोडू देऊ नका.

महापालिकेच्या हातात एक दोरी आजही आहे. रुग्णालयाची नोंदणी तिच्याकडे आहे, नूतनीकरण तिच्याकडे आहे. शहरातल्या प्रत्येक रुग्णवाहिकेची, खासगी असो, मंडळाची असो की पालिकेची, नोंद आरोग्य विभागाने करावी. गाडीचा प्रकार, दर, तक्रारीचा नंबर मागच्या दारावर ठळक मराठीत रंगवलेला असावा. सिलिंडर, सक्शन, चावी यांची महिन्याला तपासणी व्हावी आणि तारीख गाडीतच लिहिली जावी. आणि रुग्णालयाला नूतनीकरणाच्या वेळी अट घालावी: नोंद नसलेली गाडी बोलवायची नाही, पावतीशिवाय रुग्ण हलवायचा नाही. गाडी बोलावून देण्याबद्दल वॉचमनपासून वॉर्डबॉयपर्यंत जो वाटा पोचतो, तो पावतीवर लिहिता येत नाही. म्हणून पावती हवी.

दर ठरवताना चालकांना मात्र बोलवा. तो ईकोवाला दादा काही राक्षस नव्हता. तो गाडीतच झोपतो, त्याच्या बिलातला एक भाग दुसऱ्याच्या खिशात जातो, पुण्याहून परत येताना गाडी रिकामी असते आणि डिझेल तेवढंच लागतं. तो परतीचा खर्च दरात धरला नाही, तर शहरातल्या शहरात गाड्या मिळतील आणि जव्हार-मोखाड्याचा रुग्ण न्यायला कुणी तयार होणार नाही. ज्या दिवशी दरपत्रक करायला बसाल, त्या दिवशी पहिला आकडा हा परतीचा लिहा.