यंत्र यवतमाळचं, सही रेडमंडची

सिक्युअर बूट ही संगणक सुरू होतानाची पहिली तपासणी होय. बटण दाबल्यावर विंडोज किंवा लिनक्सच्या आधी मदरबोर्डवरच्या चिपमधलं फर्मवेअर जागं होतं. दुकानांत त्याला अजून बायोसच म्हणतात. त्याचं आजचं नाव यूईएफआय. पुढचा प्रोग्राम सुरू करण्याआधी ते त्याच्यावरची डिजिटल सही तपासतं. सही ओळखीची असेल तर वाट मोकळी, नसेल तर काळ्या पडद्यावर इंग्रजीतून नकार. हीच डिजिटल सही सातबाऱ्यावरही असते. फरक इतकाच की सातबाऱ्यावर सही करणारा तलाठी नशीब जोरावर असेल तर गावात भेटतो. संगणकाच्या सहीचा अधिकारी अमेरिकेत, रेडमंडला, मायक्रोसॉफ्टच्या कचेरीत बसतो.

फर्मवेअरमध्ये यासाठी चार खाती असतात. पहिल्यात यंत्र बनवणाऱ्या कंपनीची चावी, दुसऱ्यात याद्या बदलण्याचा अधिकार देणाऱ्या चाव्या, तिसऱ्यात परवानगी असलेल्यांची यादी, चौथ्यात बंदी असलेल्यांची. पैसे मोजणाऱ्याची चावी कारखान्यातून निघताना यांपैकी कशातच नसते. ती मागाहून घालण्याची सोय बऱ्याच यंत्रांत असते. कोणत्या मेनूत, हा शोध ग्राहकाच्या बुद्धिविकासासाठी राखून ठेवलेला आहे.

व्यवस्थेमागचं कारण मात्र खोटं नाही. 1986 साली लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला ब्रेन नावाचा व्हायरस फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये मुक्काम करी. ऑपरेटिंग सिस्टीमच्या आधी जो घुसला, त्याला नंतर येणारा अँटिव्हायरस काय करणार? म्हणून 2011 मध्ये सिक्युअर बूटचे नियम ठरले आणि 2012 मध्ये विंडोज 8 सोबत ते घरोघरी आले. विंडोजचं प्रमाणपत्र हवं असेल तर सिक्युअर बूट चालू ठेवूनच यंत्र विका, असं मायक्रोसॉफ्टने उत्पादकांना सांगितलं. इंटेल-एएमडीच्या यंत्रांत ते बंद करण्याची सोय द्यायलाच हवी होती. एआरएम प्रोसेसरच्या यंत्रांत ती द्यायचीच नव्हती. 2015 मध्ये विंडोज 10 आलं तेव्हा इंटेल-एएमडीच्या यंत्रांवरची ही सक्ती सैल झाली. सोय द्यावी की न द्यावी, हे उत्पादकाच्या मर्जीवर सोडलं गेलं. ग्राहकाची मर्जी विचारायचं बहुधा राहून गेलं.

लिनक्सवाल्यांची यात पंचाईत झाली. प्रत्येक उत्पादकाच्या दारी जाऊन आपली चावी घाला म्हणणं शक्य नव्हतं. तेव्हा रेड हॅटमध्ये असलेल्या मॅथ्यू गॅरेट यांनी शिम नावाचा छोटा प्रोग्राम पुढे आणला. मायक्रोसॉफ्ट शिमवर सही करतं, शिम लिनक्सची सही तपासतं आणि गाडी पुढे जाते. सुरुवातीला सहीच्या खात्याची फी 99 डॉलर होती, म्हणजे रक्कम क्षुल्लकच. पण उबुंटू आणि फेडोरा आजही प्रतिस्पर्ध्याच्या सहीने सुरू होतात.

यवतमाळला हा प्रकार नवा वाटण्याचं कारण नाही. वऱ्हाडचा कापूस वाहून नेण्यासाठी किलिक-निक्सन या ब्रिटिश कंपनीने घातलेली यवतमाळ-मूर्तिजापूर ही अरुंद रेल्वे, म्हणजे शकुंतला, 1951 च्या राष्ट्रीयीकरणातूनही सुटली. जमीन इथली, प्रवासी इथले, गाडी चालवणारं रेल्वे खातं भारताचं; रूळ मात्र कंपनीचे, आणि त्यांचा मोबदला खातं भरत राहिलं. सिक्युअर बूटचे रूळही असेच आहेत, फक्त ते चिपमध्ये असल्यामुळे दिसत नाहीत.

आता मुख्य गंमत. पायरेटेड विंडोज टाकणं हा आपल्याकडचा जुना सेवाउद्योग आहे. पेनड्राईव्ह लावा, फॉरमॅट मारा, ॲक्टिव्हेशनचा क्रॅक चालवा, काम फत्ते. सिक्युअर बूटला यात काहीच गैर दिसत नाही, कारण बूट होणाऱ्या फाइलवरची सही अस्सल असते. पैसे भरले की नाही हा त्याचा विषय नाही. उलट एखाद्या विद्यार्थ्याने कायदेशीर, फुकट, पण सही नसलेलं लिनक्स आणलं की त्याला दारातच अडवलं जातं. मग एफ 2 दाबून मेनूत शिरायचं, पासवर्ड द्यायचा, सिक्युअर बूट बंद करायचं. तेवढ्यात कुणीतरी हमखास म्हणतो, ‘वॉरंटी जाईन ना भाऊ!’ आणि विद्यार्थी निमूटपणे क्रॅककडे वळतो.

दाराशी इतकी कडक व्यवस्था म्हटल्यावर चाव्या नीट सांभाळल्या असतील, असा समज होतो. 2024 मध्ये बायनार्ली या संस्थेने दाखवून दिलं की शेकडो मॉडेल्समध्ये मुख्य चावी म्हणून चाचणीसाठीचीच चावी बसवून विकली गेली होती. तिच्या नावातच ‘विश्वास ठेवू नये’ असं इंग्रजीत लिहिलेलं होतं, आणि तिची गुप्त जोडचावी आधीच इंटरनेटवर फुटली होती. लेबल वाचण्याची जबाबदारी कोणाची, हे त्या चार खात्यांत कुठे नोंदलेलं नाही. त्याच वर्षी ऑगस्टच्या विंडोज अपडेटनंतर, विंडोजशेजारी लिनक्स ठेवलेल्या कित्येक यंत्रांवर लिनक्स सुरू होईना. अशा यंत्रांना हे अपडेट लागू होणार नाही, असं मायक्रोसॉफ्टने आधी सांगितलं होतं.

या परावलंबनाबाबत भारत सरकारचं धोरण कागदावर वेगळं आहे. सी-डॅकने लिनक्सवर आधारलेली बॉस ही प्रणाली 2007 मध्येच आणली, तीत मराठी आहे. 2015 च्या धोरणाने सरकारी कामात ओपन सोर्सला पसंती दिली. पसंतीच ती, तिच्यावर अंमल करण्याची घाई कुणाला नाही.

मोबाईलमध्ये तर नकार जास्त नम्र असतो. शाओमीच्या कित्येक फोनमध्ये बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करणारा प्रोग्राम, उघडायचा तर कंपनीच्या खात्यातून अर्ज करून 168 तास, म्हणजे आठवडाभर, थांबावं लागत असे. फोन आपलाच, तो घेताना मात्र असा विचारअवधी कुणी देत नाही.

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा आधार संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षा-चिप, सिक्युअर बूटची सोय आणि ठरावीक पिढीपुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे 2015 च्या आसपासची, धडधाकट चालणारी यंत्रं कागदोपत्री म्हातारी ठरली. त्यांच्यावर लिनक्स टाकणं हा स्वस्त उपाय आहे. पण सह्या ओळखण्यासाठी यंत्रांत बसवलेली मायक्रोसॉफ्टची 2011 ची मूळ प्रमाणपत्रंही जून 2026 पासून मुदतबाह्य होऊ लागतात. जुन्या सहीचं यंत्र त्यामुळे बंद पडत नाही; नव्या सह्या ओळखायला मात्र 2023 ची प्रमाणपत्रं लागतात. ती मुख्यतः विंडोज अपडेटमधून किंवा उत्पादकाच्या फर्मवेअरमधून मिळतात. विंडोज काढून टाकलेल्या दहा वर्षांच्या यंत्राला पहिला मार्ग बंद, आणि दुसऱ्या मार्गासाठी उत्पादकाला ते मॉडेल आठवायला हवं. नाहीच आठवलं, तर एफ 2 दाबून सिक्युअर बूट बंद करायचं, तो पर्याय मेनूत असला तर.