जसंच्या तसं

14 ऑक्टोबर 2025 ला मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा हात सोडला आणि रत्नागिरीतले तमाम नाना एकदमच अडचणीत आले. हे नाना शिवाजीनगरात आढळतात, माळनाक्यावर आढळतात, खाली मांडवीतही आढळतात. सरकारी खात्यातून निवृत्त. शिवाय कुलमंडळाचं चिटणीसपद, हापूसच्या पेट्यांचा हिशेब आणि देवळातल्या उत्सवाची वर्गणी. हे सगळं एका जुन्या संगणकात. त्यात टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप नाही, म्हणून विंडोज 11 त्याला रीतसर चढत नाही. पुण्याचा मुलगा नवा संगणक पाठवतो. खोक्याची चिकटपट्टी निघायच्या आत नाना बजावतात, "ह्यात सगळं जसंच्या तसं यायला हवं हां!"

जसंच्या तसं म्हणजे किती? पडद्यावर नातवाच्या बारशाचा फोटो तोच हवा. (नातू यंदा बारावीला आहे.) आणि रिसायकल बिनसुद्धा आतल्या मालासकट हवा. "टाकू नकोस त्यातलं. लागतं कधीतरी."

स्वतःच्या परीने नानांनी तयारी केलेली असते. डेस्कटॉपवरची सगळी चित्रं पेनड्राइव्हवर ओढलेली. "वीस वर्षांचं काम, दोन मिनिटांत आलं बघ!" येणारच. ते नुसते शॉर्टकट. फाइल कुठे आहे त्याचा पत्ता आला, फाइल राहिली जुन्या डिस्कवर.

संगणकाच्या दुकानातला मुलगा समजावतो, "नाना, फाइली नेता येतात, प्रोग्राम नव्याने घालावे लागतात." नानांना हा भेद मान्य नाही. तेवढ्यात कुणीतरी क्लोनिंगचं नाव काढतो आणि नाना हट्टाला पेटतात. अख्खी डिस्क उतरवता येते, खोटं नाही. पण जुन्याचा बायोस आणि नव्याचं यूईएफआय यांचं पटेलच असं नाही, ड्रायव्हर निराळे, आणि संगणकाबरोबर आलेला विंडोजचा परवाना बहुधा त्याच मदरबोर्डशी बांधलेला. हे मात्र नानांना चटकन कळतं. "म्हणजे कूळच की रे ते! जमीन सोडून हलायचं नाही!"

वास्तविक या गावाला बिऱ्हाड हलवण्याचा मोठा दाखला आहे. 1885 मध्ये ब्रह्मदेशच्या थिबा राजाचं राज्य गेलं, पुढच्या वर्षी इंग्रजांनी त्याला रत्नागिरीत आणलं. राजवाड्यात राहायला जायला 1910 उजाडलं, आणि 1916 मध्ये राजा वारला. मंडालेतलं काय जसंच्या तसं मिळालं त्याला? पण जवळजवळ पंचवीस वर्षं त्याने कळ काढली. दुसरा इलाज नव्हता म्हणा. नानांची कळ दुपारच्या चहापर्यंतसुद्धा टिकत नाही.

एका बाबतीत मात्र मी नानांच्या बाजूचा. कुलवृत्तांत! दोन पिढ्यांची पत्रं, गावोगावच्या नोंदी, सगळं जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेलं. नव्या संगणकावर ते उघडलं की पणजोबांच्या जागी डॉलर, कंस आणि डोक्यावर टिंबं असलेली परदेशी अक्षरं. "अरे मेल्या, आमच्या मूळपुरुषाचं काय केलंस!" पोराने काही केलेलं नसतं. जुन्या फॉन्टांत मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या घरात बसवलेली असत. फॉन्ट नसला की मूळ घरमालक दारात येतो. युनिकोडमध्ये मराठीला स्वतःची घरं मिळाली. जुना मजकूर त्यात बदलता येतो, पण रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांत तेल घालून तपासावी लागतात. ते काम नानांइतकं चोख दुकानातला मुलगा करणार नाही, आणि पुण्याचा मुलगा तर नाहीच नाही.

तेव्हा तुमच्या घरी नाना असतील, तर जुना संगणक भंगारात देण्याआधी त्याच्या सी ड्राइव्हवरच्या विंडोजच्या फोल्डरात 'फॉन्ट्स' नावाचा फोल्डर आहे, तो आधी कॉपी करून घ्या. मूळपुरुष तिथे राहतात.